पाणी मिळालेली जमीन नापीक का होते?

कोरडवाहू रानात पीक कमी येतं, याचं कुणाला नवल वाटत नाही. पण ज्या रानाला बारमाही पाणी आहे, ज्यात दर हंगामाला पोत्यांनी खत पडतं, त्याचं उत्पन्न वर्षागणिक का घसरावं? कृष्णा-वारणाकाठी, वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या तालुक्यांत, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. एके काळी एकरी पन्नास टन ऊस देणारं काळं रान आधी तीसवर येतं, मग वीसवर, आणि अखेर तिथे लागण करायचं कुणी मनावरच घेत नाही. पाणकणीस आणि वेडी बाभूळ तेवढी माजते. तिकडे सोलापूर-बीडकडचा शेतकरी वेगळंच विचारतो. पाऊस पूर्वीइतकाच होतो, मग आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की पीक लगेच मान का टाकतं?

एकाकडे पाणी जास्त झालंय आणि दुसऱ्याकडे कमी पडतंय, असं वरवर दिसतं. पण दोघांचीही माती बिघडली आहे, आणि पाणी हे त्या बिघाडाचं बाहेर दिसणारं लक्षण आहे. या प्रकरणात पहिल्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. ती आपत्ती माणसाने चांगल्या हेतूने आणि स्वतःच्या हाताने ओढवून घेतली, आणि तिचं निदान महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापूनही आलं होतं.

१. मातीतली पोकळी

चांगल्या मातीचा आकारमानाने साधारण निम्माच भाग घन असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे लहान-मोठ्या पोकळ्या. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, मोठ्या पोकळ्यांतून जादा पाणी खाली निघून जातं आणि तिथे हवा शिरते. दोन्ही एकाच वेळी जमलं की वाफसा येतो, आणि पेरणी, कोळपणी, खत देणं, सगळं वाफशावर करायचं असतं हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पोकळ्या पाण्याने ठासून भरल्या की मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभं असलेलं पीक पिवळं पडतं.

दख्खनची काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकाची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची, झीज होऊन बनली. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हा गुण मोठा आहे, कारण अशी माती भरपूर ओल धरते. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की एकदा फुगली की तिच्या मोठ्या पोकळ्या मिटतात आणि पाणी खाली झिरपायला फार वेळ घेतं. पुढचा सगळा घोळ समजायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

२. एक मिलिमीटर माती म्हणजे किती?

आधी सोलापूरकडचा प्रश्न. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रावरची फक्त एक मिलिमीटर माती खरवडली तर ती चार घनमीटर भरते आणि तिचं वजन सुमारे पाच टन होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या दीड-दोन खेपा. पावसाची एक जोराची सर उघड्या, उताराच्या रानावर पडली तर एवढी माती तासाभरात ओघळीला लागू शकते, आणि संध्याकाळी शेतात फेरी मारली तरी रान कमी झाल्यासारखं वाटणार नाही.

१९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशाचा हिशेब मांडला. भारतात वर्षाला सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, सरासरी हेक्टरी सोळा टन. त्यातली २९ टक्के कायमची समुद्राला मिळते आणि १० टक्के धरणांच्या पोटात बसते. बाकीची इथली तिथे होते. हेक्टरी सोळा टन म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वा मिलिमीटर. पण पन्नास वर्षांत ती सहा सेंटीमीटर होते, आणि खडकापासून एक सेंटीमीटर माती तयार व्हायला काही शतकं लागतात.

आता उघडिपीचं गणित करू. काळी माती दर दहा सेंटीमीटर खोलीला साधारण वीस मिलिमीटर पाणी असं धरते, की जे मुळांना घेता येतं. साठ सेंटीमीटर खोल रानात ही शिल्लक १२० मिलिमीटर होते. भरात आलेलं पीक दिवसाला पाच मिलिमीटर पाणी पीत असेल, तर पाऊस थांबल्यावर ते चोवीस दिवस तग धरेल. माती पंधरा सेंटीमीटरच उरली असेल, तर शिल्लक तीस मिलिमीटरची आणि तग सहा दिवसांचा. दोन्ही शेतांवर पाऊस सारखाच पडला. एका शेतात पीक आलं, दुसऱ्यात दुष्काळ आला. पावसाच्या आकड्यांकडे बघून दुष्काळ जाहीर करणाऱ्यांनी मातीच्या खोलीचा आकडाही शेजारी मांडायला हवा, असं मला फार वाटतं.

मंगळवेढ्याची ज्वारी याच शिल्लकीवर येते. पावसाळा सरताना पेरायची आणि पुढे पाऊस जवळजवळ नसताना, नुसत्या ओलीवर, ती माघ-फाल्गुनात काढायची. मोहोळच्या केंद्रातून निवडून आलेली मालदांडी असो की आणखी कुठलं वाण, खोल काळ्या रानाशिवाय ते काय करणार?

हे सगळं आपल्याला उशिरा कळलं असंही नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ मध्ये सुरू झालं. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातून किती पाणी आणि किती माती वाहते, ते मोजायला तेव्हाच घेतलं. मुंबई इलाख्यात १९४२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि समपातळी बांध पडू लागले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर लाखो हातांनी बांध घातले. हलक्या, मध्यम जमिनींना त्याचा उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधामागे पाणी तुंबून राहिलं, पीक कुजलं, आणि पुष्कळ ठिकाणी बांध फुटून पूर्वीपेक्षा मोठ्या घळी पडल्या. पाणी अडवताना त्याला बाहेर काढायची सोय ठेवली नव्हती. हीच चूक आपल्याला पुढे मोठ्या प्रमाणावर भेटणार आहे.

३. कर्ब आणि जस्त

माती जागेवर असूनही तिचा कस जातो. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो. कुजलेला पालापाचोळा, शेणखत, मेलेली मुळं यांच्यापासून आलेला हा कार्बन. तो मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो, म्हणजे पोकळ्या टिकवतो, आणि जिवाणूंना अन्न देतो. अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की कमी आणि पाऊण टक्क्याच्या वर असला की भरपूर, असं आपल्याकडे मोजतात. महाराष्ट्रातल्या पुष्कळ रानांचा कागद 'कमी' असंच सांगतो.

तो वाढवणं किती अवघड आहे, हे एका उदाहरणाने पाहा. एकराचा वरचा पंधरा सेंटीमीटर थर सुमारे आठ लाख किलो भरतो. कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर न्यायचा तर या थरात आठशे किलो कर्ब टिकायला हवा. पाच टन शेणखतात साडेसातशे किलोच्या आसपास कर्ब असतो, पण त्यातला बराचसा जिवाणू खाऊन टाकतात आणि तो हवेत जातो. मागे उरतो दहा-वीस टक्के. म्हणजे दरवर्षी एकरी पाच टन घालत राहिलं तरी टक्क्याचा दहावा हिस्सा वाढायला पाच ते दहा वर्षं जातील. गोठे रिकामे झालेल्या गावात एवढं शेणखत आणायचं कुठून? म्हणूनच उसाचं पाचट पेटवलेलं पाहिलं की जीव तुटतो. एका एकरात तीन-चार टन पाचट निघतं. ते सरीत पसरून, टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं, की खोडव्यातच त्याचं खत होतं. काडी लावणं सोपं आहे, मजूर मिळत नाहीत, हे खरं. पण त्या एका दुपारी जळून जातं ते शेणखताने भरून काढायला काही वर्षं लागतात.

युरियाने नत्र मिळतं. पिकाला जस्त, लोह, गंधक, बोरॉनही लागतं, आणि नुसत्या नत्रावर जोमाने वाढलेलं पीक ही द्रव्यं मातीतून जास्त वेगाने उपसतं. १९६० च्या दशकात तराईतल्या भातावर 'खैरा' पडू लागला. पानांवर काताच्या रंगाचे ठिपके, रोपं खुजी. सगळे बुरशी शोधत होते. पंतनगरच्या विद्यापीठात डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की हा रोगच नव्हे, मातीत जस्त कमी आहे. झिंक सल्फेट फवारलं आणि भात हिरवा झाला. मातीत जस्त कमी असेल तर दाण्यातही कमी उतरतं. पोट भरेल एवढं धान्य खाऊनही अंगाला जस्त, लोह कमी पडतं ते यामुळेही. अन्नसुरक्षा म्हणजे किती पोती पिकली एवढंच पाहून चालत नाही.

४. नीरेच्या खोऱ्यात

आता कृष्णाकाठच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी आधी बारामतीला जावं लागेल.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनला भाजून गेला. त्यानंतर अवर्षणापासून बचाव म्हणून नीरा नदीवर कालव्याचं काम निघालं आणि १८८५ मध्ये नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं. वर भाटघरला धरण झालं. कालवा आखला होता तो ज्वारी-बाजरी जगवायला. पण खात्रीचं पाणी दारात आल्यावर शेतकऱ्याने ऊस लावला. यात त्याचं काय चुकलं? पिढ्यान् पिढ्या पावसाकडे बघून काढलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा रोख पैसा देणारं पीक आलं होतं. बारामतीचा गूळ नावाजला.

आणि मग सखल रानांत पांढरं दिसू लागलं. पाण्याची पातळी वर आली, विहिरी काठोकाठ भरल्या, आणि जी जमीन सगळ्यात भारी म्हणून ओळखली जायची, नाल्याकाठची खोल काळी, तीच आधी गेली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी त्या रानांचा अभ्यास केला. नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनींवरची त्यांची पुस्तिका मुंबई सरकारच्या शेतकी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. खोल काळी जमीन, वरून सततचं पाणी आणि खालून न होणारा निचरा, असं हे दुखणं आहे.

सरकारी पातळीवर काहीच हललं नाही असं म्हणता येत नाही. उसाखालचं क्षेत्र बांधून ठेवणारी आणि पाणी जास्त लोकांत पसरवणारी ब्लॉक पद्धत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी सुचवली होती. सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी १९१६ मध्ये पुण्यात एक खास विभाग निघाला. खडकवासल्याची आजची जल आणि विद्युत संशोधन संस्था त्याच विभागातून वाढली.

तरीही कृष्णाकाठी तेच घडलं. कोयनेचं धरण झाल्यावर नदी उन्हाळ्यातही वाहू लागली. सहकारी उपसा योजनांनी पाणी माळावर चढवलं, साखर कारखाने उभे राहिले, आणि दोन-तीन दशकांत नीरेकाठचं चित्र मिरज-शिरोळात उमटलं. पाणी आणण्याचा खर्च प्रत्येक योजनेत धरला गेला. जादा पाणी बाहेर काढणाऱ्या चरांचा खर्च मात्र 'नंतर बघू' म्हणून मागे राहिला. या जमिनी खराब झाल्याचा दोष सगळा शेतकऱ्याच्या हावेवर टाकणारी भाषणं मला अन्यायाची वाटतात. पाणीपट्टी एकरावर आकारली, किती पाणी घेतलं यावर नाही. शेतीपंपाची वीज रात्री दिली. बारा वाजता कोण उठून बारं धरणार? तो ऑटो स्विच लावून झोपतो आणि सकाळपर्यंत सऱ्या तुडुंब भरतात.

५. मीठ येतं कुठून?

नदीचं गोड पाणी दिलं, मग जमीन खारट कशी झाली? शाळकरी मुलालाही पडेल असा हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे.

लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी शेतीला चांगलंच मानतात. जिभेला ते गोड लागतं. पाटाने पाणी देऊन उसाला वर्षाला दोन मीटर उंचीचं पाणी पाजलं, तर एकरात सुमारे ऐंशी लाख लिटर पाणी गेलं. त्यातून आलेले क्षार चार हजार किलो, म्हणजे चार टन! विहिरीच्या पाण्यात क्षार दुप्पट असतील तर आठ टन. ऊस पाणी पितो आणि पानांतून हवेत सोडतो. क्षार त्यातले थोडेच घेतो. बाकीचे मातीत राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात. काळ्या फुगलेल्या जमिनीत ते जाणार कुठे?

दुसरी वाट खालून येते. दरवर्षी थोडं थोडं पाणी झिरपत भूजलाची पातळी वर चढते. ती जमिनीखाली दीड-दोन मीटरच्या आत आली की घात होतो. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी मातीतल्या बारीक पोकळ्यांतून हे खारं पाणी आपोआप पृष्ठभागापर्यंत चढतं. उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. म्हणून हा पांढरा थर उन्हाळ्यात जास्त दिसतो, आणि पावसाळ्यात नाहीसा झाला तरी दुखणं बरं झालेलं नसतं.

६. ढेकूळ काय सांगतं

क्षारांनी बिघडलेल्या जमिनी एकाच जातीच्या नसतात, आणि इथे गफलत झाली तर उपचाराचा पैसा वाया जातो.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. वर पांढरा फुलोरा येतो, पायाखाली माती भुसभुशीत लागते. ओल असूनही पिकाला पाणी घेता येत नाही, कारण मुळांभोवतीचं पाणी फार खारं असतं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेला असतो. सोडियममुळे कण एकमेकांपासून सुटतात, पोकळ्या बुजतात, सामू साडेआठच्या वर जातो. पाऊस पडला की रान चिखलासारखं चिकट, वाळलं की दगडासारखं टणक. नांगराला मोठमोठी ढेकळं निघतात आणि पावसाचं पाणी कित्येक दिवस वर साचून राहतं, तेही गढूळ. पुष्कळ रानांत दोन्ही दुखणी एकत्र असतात.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या आणि त्यात वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ अलगद सोडा. पेला हलवू नका. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटेल, चुरा होऊन बसेल, पण आजूबाजूचं पाणी निवळ राहील. माती चोपण असेल तर ढेकळाभोवती दुधाळ वलय उठतं, हळूहळू पेल्यात पसरतं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहतं. विहिरीचं पाणी मात्र यासाठी वापरू नये. त्यातल्या क्षारांमुळे वलय उठत नाही आणि फसगत होते.

खारवटपणा मोजतात तो मातीतल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून. मातीच्या ओल्या लगद्यातून काढलेल्या पाण्याचा हा आकडा चारच्या वर गेला की जमीन खारवट समजतात. पण पिकं त्याच्या आधीच कुरकुरू लागतात. कांद्याचं उत्पन्न १.२ पासून घटू लागतं, उसाचं १.७ पासून. गहू सहापर्यंत, जव आठपर्यंत तोंड देतो. उसात त्यापुढे दर एका अंकाला सुमारे सहा टक्के घट धरतात. आकडा आठ असेल तर जवळपास ३७ टक्के ऊस गेला, आणि तोवर रान लांबून हिरवंच दिसत असतं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा मात्र माती जास्त पाण्यात कालवून मोजतात. त्यामुळे कागदावरचा आकडा लहान दिसतो. तो वरच्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नये, प्रयोगशाळेतच विचारून घ्यावं.

७. रेशनचं गणित

महाराष्ट्रात क्षारांनी बाधित जमीन सुमारे सहा लाख हेक्टर आहे. त्यात कोकणातल्या खारजमिनीही आल्या. तिथे मीठ समुद्राच्या भरतीचं असतं, गोव्यातल्या खाजणींसारखं, आणि त्या जमिनींची शेतीच वेगळ्या रीतीची आहे. समजा, या सगळ्या क्षेत्रावर बिघाडापायी हेक्टरी फक्त एक टन धान्य कमी पिकलं. सहा लाख टन झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, वर्षाला साठ किलो. सहा लाख टनांत एक कोटी माणसांचं वर्षभराचं रेशन बसतं.

क्षार हा बिघाडाचा एक प्रकार झाला. इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातली सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळपास ३० टक्के, कमी-अधिक अवनत झालेली होती. महाराष्ट्रात हे क्षेत्र सुमारे १ कोटी ४३ लाख हेक्टर भरलं. राज्याचा निम्म्याला टेकणारा भाग! यात डोंगरउतार, झुडपी रानं, माळही धरले आहेत, म्हणून हा आकडा सगळा शेतीचा समजू नये. पण पाणी उतारावरूनच खाली येतं, आणि उघड्या डोंगराची माती खालच्या शेतावरून जाऊन धरणात बसते. २०१७ पासून राज्यात धरणांतला गाळ काढून शेतात नेण्याची योजना चालते. शेतातून गेलेलीच माती डिझेल जाळून शेतात परत येते.

८. पाण्याला बाहेरची वाट

खारवट जमीन धुऊन निघते. चोपण जमिनीला आधी जिप्सम लागतं. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावून त्याची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्यात विरघळतो. हिरवळीचं खत म्हणून धैंचा गाडला, शेणखत, मळी घातली तर हे काम लवकर होतं. पण या प्रत्येक उपायाच्या शेवटी एकच अट आहे. विरघळलेलं मीठ शेताबाहेर गेलं पाहिजे. निचऱ्याची सोय न करता टाकलेलं जिप्सम म्हणजे पैसे मातीत घालणं, आणि असे पैसे घालून हात पोळलेले शेतकरी गावोगाव आहेत.

ही सोय म्हणजे भूमिगत चर. जमिनीत साधारण मीटर-सव्वा मीटर खोलीवर बारीक भोकांचे, गाळणीचं कापड गुंडाळलेले प्लास्टिकचे पाईप वीस-तीस मीटर अंतरावर उताराने पुरतात. भोकांतून पाणी आत शिरतं, मोठ्या पाईपला मिळतं आणि नाल्यात पडतं. भूजल मुळांच्या खाली राहतं आणि पाऊस क्षारांना धुऊन नेतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं कसबे डिग्रजचं केंद्र सांगली भागात यावर काम करत आलं आहे. शिरोळ तालुक्यात सहकारी कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गटाने असे चर घातले आणि पडीक पडलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला.

गटानेच का? कारण पाणी बांध ओळखत नाही. माझ्या रानात चर घालून उपयोग नाही, वरच्या शेतकऱ्याच्या पाटाचं पाणी माझ्याकडेच झिरपणार. आणि माझं पाणी बाहेर काढायचं तर पाईप खालच्या चार जणांच्या शेतातून नाल्यापर्यंत गेला पाहिजे. त्यातल्या एकाने 'माझ्या बांधातून नाही' म्हटलं की सगळं अडलं. दोन एकरांच्या धन्याला हा खर्च एकट्याने झेपतही नाही. कालवा सरकारने काढला, पाणी सरकारने सोडलं, मग मुख्य चराचा खर्चही कालव्याच्याच खात्यात पडायला हवा. नाले बुजवून, अतिक्रमण करून रानं वाढवली आहेत, ती मोकळी करणं हे तर पहिलं काम. नाला वाहता नसेल तर पाईपचं तोंड पाण्यातच बुडालेलं राहतं.

शिवाय, नाल्यात सोडलेलं खारं पाणी शेवटी नदीला मिळतं आणि खालचं गाव तेच उपसून पिकाला देतं. चर हवेतच, पण मुळात रानात जाणारं पाणी कमी झालं तर बाहेर काढावं लागणारं मीठही कमी होईल. वर केलेला गुणाकार पुन्हा मांडून पाहा. दोन मीटरऐवजी ठिबकने सव्वा मीटर पाणी दिलं, तर चार टनांऐवजी अडीच टन क्षार आले. पाणी मोजून दिलं-घेतलं तर हे जमतं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था १९९० च्या दशकापासून हेच करत आल्या आहेत. संस्था पाणी घनमीटरने मोजून घेते, सभासदांना पाळीने देते, पट्टी स्वतः वसूल करते. पाणी मोजलं जाऊ लागल्यावर तिथे पाण्याचा वापर जपून होऊ लागला आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या रानांनाही पाळी मिळू लागली. महाराष्ट्राने २००५ मध्ये अशा संस्थांसाठी कायदाही केला. कृष्णाकाठच्या उपसा योजनांवर पाणी अजून बहुतेक ठिकाणी एकरावरच आकारलं जातं.